शिरोरेषा आणि शंभर हर्ट्झ

आमच्या डिप्लोमा फिल्मचं नाव ‘दुसऱ्या मजल्यावर’. ११ मिनिटांची आहे. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर रात्री एकटी बसून प्रुफं तपासणारी बाई, तिच्या डोक्यावर एक जुनी ट्यूबलाइट आणि तिच्या नजरेतून सुटलेली एक चूक, एवढीच गोष्ट. शूटिंग झालं, एडिट लॉक झालं आणि मग टायटल कोण करणार, संगीत कोण करणार, हा प्रश्न आला. पाच जणांच्या टीममध्ये मी संकलक. लहानपणी सहा वर्षं पेटी शिकले होते आणि अक्षर बरं आहे, एवढ्या भांडवलावर दोन्ही कामं माझ्याकडे आली. मला ती हवीच होती. हाताशी सात आठवडे होते आणि दोन्हीपैकी एकाही प्रकारच्या सॉफ्टवेअरला मी तोवर हात लावलेला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी पटकथेच्या फाइलमधून नाव कॉपी केलं, टायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलं आणि पडद्यावर ‘दुसर्या मजल्यावर’ आलं. डोक्यावर रफार. मी दोनदा वाचलं, तरी आधी कळेना की नेमकं काय खटकतंय. मग कळलं. ‘दुसऱ्या’मधली ती लहानशी, ‘य’ला डावीकडून चिकटलेली रेघ गायब होती आणि तिच्या जागी ‘सूर्या’तला रफार येऊन बसला होता. मराठीत हा फरक नुसता दिसण्याचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं तर विद्वान येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. आणि आमची फिल्म मुद्रितशोधन करणाऱ्या बाईवर. तिच्या फिल्मच्या नावातच अशी चूक गेली असती, तर तिनेच आम्हाला माफ केलं नसतं.

कारण शोधायला दोन दिवस गेले. ही रेघ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’, त्याचा क्रमांक ०९३१, मग हलन्त, मग ‘य’. दुसरी म्हणजे साधा ‘र’, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ‘य’. आमची पटकथा ज्या कीबोर्डवर टाइप झाली होती, तो दुसऱ्या तऱ्हेने लिहीत होता. पेस्ट करताना ते न दिसणारं चिन्ह कुठेतरी गळून पडलं आणि उरलेल्या ‘र’, हलन्त, ‘य’चा नियमाप्रमाणे रफार झाला. नाव पुसून पहिल्या तऱ्हेने नव्याने टाइप केलं आणि रेघ जागेवर आली. तेव्हापासून श्रेयनामावलीतलं एकही नाव मी पेस्ट केलेलं नाही. प्रत्येक नाव हाताने टाइप करायचं आणि ज्याचं त्याला पाठवून तपासून घ्यायचं.

नाव बरोबर दिसायला लागलं, म्हटलं आता हलवू या. सॉफ्टवेअरमध्ये तयार इफेक्ट होता, एकेक अक्षर उमटत जाण्याचा. तो लावला आणि पडद्यावर आधी ‘द’ आला, मग उकार, मग ‘स’, मग टिंबवाला ‘ऱ’, मग त्याच्या पायाशी हलन्त, मग एकदम सगळं उडी मारून ‘ऱ्य’ झालं. डोळ्यांना ‘दुसऱ्या’त तीन अक्षरं दिसतात. संगणकाच्या लेखी ती सात चिन्हं आहेत. ‘मजल्यावर’मध्ये आपली पाच, त्याची आठ. इफेक्ट बनवणाऱ्याने रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवली होती, तिथे एक चिन्ह म्हणजे एक अक्षर. आपल्या लिपीत चिन्हं जोडून अक्षर घडवावं लागतं आणि ते काम सॉफ्टवेअरच्या आतलं शेपिंग इंजिन करतं. हार्फबझ हे त्यातलं खुलं, खूप ठिकाणी वापरलं जाणारं इंजिन. त्याच्या नावातला ‘हर्फ’ म्हणजे फारसीतलं अक्षर. इंजिन चांगलं असलं, तरी ॲनिमेशनने चिन्हं वेगळी काढून एकेक हाताळायला घेतली की त्याने जोडलेलं सगळं विस्कटतं.

त्यात मी दुसरी गोष्ट करून पाहिली, अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची. सिनेमांची टायटलं अशी ऐसपैस पसरलेली किती छान दिसतात! पण ट्रॅकिंगचा आकडा वाढवला आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. आठ अक्षरं, आठ तुटक्या रेघा.

त्या तुटक्या रेघांकडे बघत बसले होते तेव्हा टायटल सापडलं. आमच्या फिल्मच्या पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत काय आहे, तर एक आडवी पांढरी नळी. शिरोरेषा म्हणजेच ती ट्यूबलाइट. काळ्या पडद्यावर आधी नळी फडफडत लागणार, तिची शिरोरेषा होणार आणि मग तिच्या उजेडात खाली अक्षरं दिसायला लागणार. शाळेत आपण अक्षरं आधी काढतो आणि रेघ नंतर ओढतो. इथे उलटं. रेघ आधी, अक्षरं तिला लटकलेली.

यासाठी मात्र टायटलच्या सॉफ्टवेअरबाहेर पडावं लागलं. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप केलं आणि त्याचं पाथमध्ये रूपांतर केलं. एकदा पाथ झाला की ते अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. मग त्याला कोणतंही इंजिन धक्का लावू शकत नाही. (रूपांतर करायच्या आधी टाइप केलेली प्रत वेगळी ठेवा. मी पहिल्यांदा ठेवली नव्हती.) मग आठही अक्षरांची शिरोरेषा कापून टाकली. हे काम किचकट निघालं, कारण ‘म’ आणि ‘स’चा दांडा रेषेला जिथे भेटतो तिथे कोपरा हलकासा गोल असतो. सरळ कापलं, तर तिथे खाच दिसते. ‘व’ आणि ‘र’ना नोड, म्हणजे आकाराच्या कडेवरचे बिंदू, हलवून थोडं वर ओढावं लागलं, म्हणजे ते रेषेच्या आत शिरतील आणि सांधा झाकला जाईल. एकेका अक्षराला वीस-पंचवीस मिनिटं लागली. पण त्या दोन संध्याकाळींत मला माझी लिपी जेवढी दिसली, तेवढी आयुष्यात कधी दिसली नव्हती. ‘ज’ रेषेला एकाच जागी लटकतो आणि तरीही तोल जात नाही. ‘र’ किती कमी जागेत उभा राहतो. ‘ऱ्या’मधली ती रेघ शिरोरेषेला कुठेच शिवत नाही, म्हणून उजेड वरून खाली उतरताना ती सगळ्यात शेवटी दिसते.

फॉन्ट ठरवताना आमच्यात बरंच बोलणं झालं. टायटलला ‘टिरो देवनागरी मराठी’ घेतला. त्याचं वळण जुन्या छापील पुस्तकाच्या जवळ जातं आणि ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगितलेले आहेत. पण देवनागरीचे कितीतरी फॉन्ट मूळ हिंदी वळणाचे असतात आणि मराठी वळण त्यांच्यात असलंच, तर भाषा निवडल्यावरच बाहेर येतं. बहुतेक व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये ती निवड सापडतच नाही. श्रेयनामावलीला एक टाइपचा ‘मुक्ता’ घेतला, लहान आकारात स्वच्छ वाचता येतो म्हणून. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. फॉन्टचाही परवाना असतो आणि फिल्मसाठी तो बघावा लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता फडफड. सॉफ्टवेअरमध्ये फ्लिकरचा तयार इफेक्ट होता, पण तो कुठल्याही ट्यूबलाइटसारखा दिसेना. शेवटी लोकेशनवरच्या त्याच ट्यूबलाइटचं बटण दाबताना २५ फ्रेम्सला शूट केलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत वहीत लिहून काढलं. आधी दोन्ही टोकं नारिंगी होतात, मधली नळी काळीच. मग २ फ्रेम उजेड, ५ अंधार, १ उजेड, ९ अंधार, ३ उजेड, २ अंधार आणि मग कायमचा उजेड. पूर्ण यादीत अशा पाच उघडझापा होत्या. त्यातल्या या तीनच ठेवल्या, कारण एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट झाला तर अपस्माराचा त्रास असलेल्या प्रेक्षकांना धोका असतो आणि वेबच्या सुलभतेच्या नियमांतही हीच मर्यादा आहे. २२ फ्रेम, म्हणजे एक सेकंदाहून कमी. तेवढ्यासाठी वहीचं एक पान भरलं. दोन टोकांची नारिंगी झाक बसवल्यावर मात्र आमची दिग्दर्शिका एकदम म्हणाली, “अगं, ही आपलीच ट्यूब आहे!”

तिने एक सुचवलंही होतं. पहिल्या दिवशीची चूक मुद्दाम ठेवू या, आधी ‘दुसर्या’ दिसू दे, मग लाल शाईने दुरुस्ती होऊ दे. मी तसं बनवून दाखवलं. दिसायला सुरेख होतं. पण फिल्ममधली चूक नवव्या मिनिटाला येते आणि टायटलनेच चुकीबद्दल बोलायला सुरुवात केली, तर प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून चुका शोधत बसणार. आम्ही ते काढलं. मला अजूनही वाटतं की बरोबर केलं.

आता आवाज. संगीतासाठी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, कारण ६० दिवस ते पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं. पहिले दहा दिवस मी जे केलं, ते बहुधा प्रत्येक जण करत असेल. व्हायोलिनचा संच उघडला, कीबोर्डवर मोठे सूर दाबले आणि भारून गेले. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर सगळं एकाच जोराने वाजत होतं. मिडीमध्ये, म्हणजे संगणकाला सूर सांगायच्या भाषेत, प्रत्येक सुराचा आघात ० ते १२७ असा मोजतात आणि माझे सगळे सूर १००वर होते. खरा वादक सूर लावतो, तो फुलवतो, मग सोडतो. संगणकात हे फुलवणं वेगळं काढावं लागतं. बऱ्याच वाद्यसंचांत ते मॉड्युलेशनच्या, म्हणजे कंट्रोलर क्रमांक १च्या रेषेवर असतं. ती रेषा काढायला शिकले. पेटीचा भाता आठवला की हात बरोबर चालायचा. भात्याचा दाब जसा वाढतो-उतरतो, तशीच ही रेषा.

तालाचं गणित त्याहून सोपं निघालं. आमची फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची. मी ७२च्या लयीत चाल बांधली होती, म्हणजे दर मात्रेला २०.८३ फ्रेम. अर्धवट फ्रेम काही कापता येत नाही. लय ७५ केली आणि मात्रा बरोबर २० फ्रेमची झाली. टायटलपुरतं ते फार उपयोगी पडलं. पुढे मात्र मी वाहवले. दरवाजा, पावलं, पान उलटणं, सगळं मात्रेवर आणून बसवलं. आमच्या मॅडमनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “ही बाई प्रुफं तपासते की नाचते?” त्या रात्री मी सगळं संगीत सात-सात, आठ-आठ फ्रेम मागे सरकवलं. बाईने आधी पान उलटायचं, सुराने मागाहून यायचं.

तरीही काहीतरी बेसूर होतं. संगीत वेगळं ऐकलं की बरं, फिल्मबरोबर ऐकलं की कान आखडायचे. चौथ्या आठवड्यात आमचा साउंड रेकॉर्डिस्ट शेजारी बसला. त्याने संवादांच्या ट्रॅकवर स्पेक्ट्रम ॲनलायझर, म्हणजे आवाजात कोणता सूर किती आहे हे दाखवणारा आलेख, लावला आणि एका काडीवर बोट ठेवलं. १०० हर्ट्झ. तिच्या पुढे २०० आणि ३००वर आणखी दोन. ट्यूबलाइटचा जुना चोक गुणगुणत होता. आपली वीज ५० हर्ट्झची आणि चोक त्याच्या दुप्पट वेगाने थरथरतो, म्हणून १००. प्रत्येक शॉटमध्ये तो सूर होताच. आणि माझं संगीत ‘ए’ धरून, म्हणजे खालच्या सप्तकात ११० हर्ट्झवर. दोघं शेजारी बसून भांडत होते.

आधी तो हम काढून टाकायचा प्रयत्न केला. १००, २०० आणि ३००वर बारीक फिल्टर लावले. हम गेला, पण बाईचा आवाजही पातळ झाला. बाईमाणसाच्या आवाजाचा पाया साधारण दोनशेच्या आसपासच असतो, म्हणजे आम्ही नेमका तिथेच घाव घालत होतो. आणि खोलीही मेली. ट्यूबलाइट दिसतेय आणि ऐकू येत नाही, असं.

मग मला माझ्या पेटीच्या गुरुजींच्या घरातली पहिली गोष्ट आठवली. गाणारा आला की ते आधी विचारायचे, “सा कुठला?” सा कुठेही धरता येतो. ज्याचा गळा, त्याचा सा. मग या खोलीचा सा १०० हर्ट्झ का नसावा? पट्ट्यांच्या भाषेत तो ‘जी’ आणि ‘जी शार्प’ यांच्या मध्ये पडतो. ‘जी’ असतो ९८ हर्ट्झचा, म्हणजे १०० हा त्याच्याहून साधारण ३५ सेंट चढा. एका स्वरापासून पुढच्या कोमल-तीव्रापर्यंत १०० सेंट धरले, तर जेमतेम एक तृतीयांश वाट. मी सगळी चाल ‘जी’वर आणली आणि सगळ्या वाद्यांना ३५ सेंट चढवलं. जगभर ‘ए’ ४४०ला लावतात, आमच्या फिल्ममध्ये तो ४४९ला आहे. प्ले दाबलं. हम होता तिथेच होता, पण आता तो तानपुरा झाला होता. पंचम १५०वर येऊन बसला आणि खोली गायला लागली. आम्ही दोघं काही न बोलता तो सीन चार वेळा ऐकत राहिलो.

त्यानंतर व्हायोलिनं काढून टाकली. खोलीच सूर धरतेय म्हटल्यावर त्यांची गरज नव्हती. माझी जुनी पेटी बाहेर काढली, दोन स्वर आणि भात्याचा श्वास रेकॉर्ड केला. पेटीचे सूर पक्के असतात, ती १००ला लावता येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग रीपरमध्ये मोजून वर सरकवलं. एवढ्या थोड्या फरकाने आवाजाचा पोत बिघडत नाही. पहिल्या कटमध्ये ११ मिनिटांपैकी जवळजवळ ७ मिनिटं संगीत होतं, आता २ मिनिटं ४० सेकंद आहे.

शेवटची श्रेयनामावली मात्र पुन्हा शिरोरेषेवरच अडली. नावं वर सरकताना रेषा लुकलुकायच्या, जणू प्रत्येक नावावर एकेक खराब ट्यूब. मी नामावली ३७ सेकंदांची केली होती, कारण संगीत तेवढंच होतं. हिशोब केला. नामावलीची उंची ३२४० पिक्सेल, त्यात पडद्याची १०८०, एकूण ४३२० पिक्सेलचा प्रवास. ३७ सेकंदांच्या ९२५ फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला ४.६७ पिक्सेल. बारीक आडवी रेघ प्रत्येक फ्रेमला पिक्सेलच्या दोन ओळींच्या मध्ये कुठेतरी सांडत होती, कधी जाड, कधी पुसट. रोमन अक्षरांत अशी लांब आडवी रेघ नसते, म्हणून तिथे हे एवढं डोळ्यांवर येत नाही. फ्रेमला बरोबर ४ पिक्सेल केले, प्रवास १०८० फ्रेमचा, म्हणजे ४३.२ सेकंदांचा झाला आणि रेषा शांत झाल्या. संगीत सहा सेकंदांनी कमी पडायला लागलं. तिथे काही नवं बांधलं नाही, नुसता चोकचा हम चालू ठेवलाय.

मिक्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ध्वनीची पातळी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर १२८ या मापाने उणे २३ लफ्सवर ठेवली (लफ्स हे कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक), वरचं टोक उणे १ डेसिबलच्या आत. सगळी रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झला आणली. हे आकडे आधी माहीत असते, तर एक अख्खा रविवार वाचला असता, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

काल रात्री फायनल एक्सपोर्टची पहिली प्रत पाहिली. नारिंगी टोकं, तीन उघडझापा, स्टार्टरची टिकटिक आणि बाविसाव्या फ्रेमनंतर हम. अक्षरं खाली उतरली. दु, स, मग ‘या’चा दांडा आणि सगळ्यात शेवटी, शिरोरेषेला न शिवणारी ती लहानशी रेघ. तिला उजेड पोचायला आणखी चार फ्रेम द्यायला हव्यात असं वाटतंय. उद्या सकाळी ते करते आणि प्रत पाठवते.